ग्राहकांचे नंबर, कामगारांचे कागद: ऑफिसात कुणी काय बघायचं?

ऑफिसवाली:

घरगुती यंत्रं दुरुस्त करण्याचा आमचा छोटा व्यवसाय आहे. मालक माझे मामा. ऑफिस अलीकडेच माझ्याकडे आलंय. फिरतीवर सात-आठ मेकॅनिक, फोन घ्यायला दोघी, आणि हिशेबाला एक काका अर्धा दिवस येतात. कॉम्प्युटरचं बघणारं असं कुणी नाही. अडलं की यूट्यूब.

तक्रार आली की फोन घेणारी मुलगी 'मास्टर' नावाच्या एक्सेल शीटमध्ये नाव, नंबर, पत्ता आणि काय बिघडलंय ते लिहिते. मग तीच ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकते. ज्याला जमेल तो 'मी जातो' म्हणतो. काम झालं की मशीनचे फोटोही त्याच ग्रुपवर. वर्षानुवर्षं असंच चालू आहे आणि कामं पटापट होतात, हेही खरं.

परवा एका ग्राहक बाईंचा फोन आला. त्यांच्या घरी जाऊन आलेल्या मुलाबद्दल तक्रार नव्हती. पण त्यांच्याकडे कधीही न गेलेला आमचाच दुसरा एक जण त्यांना रात्री 'हाय' पाठवत होता. बाई आवाज चढवून बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "माझा नंबर तुमच्याकडे किती जणांकडे आहे?" मला सांगता येईना.

तेव्हापासून ऑफिसात जिकडे बघावं तिकडे हेच दिसतंय. कामगारांच्या फायली उघड्या रॅकवर. त्यात ओळखपत्रांच्या झेरॉक्स, पासबुकाचं पहिलं पान, एकाच्या ऑपरेशनचे कागद. पगाराचा फोल्डर अशा कॉम्प्युटरवर, जिथे सगळे एकाच पासवर्डने बसतात. त्यात मामांना आता बोटाच्या ठशाचं हजेरी मशीन आणि मेकॅनिक कुठे आहेत ते दाखवणारं अ‍ॅप घ्यायचंय.

सुरुवात कुठून करू? महागडं सॉफ्टवेअर मिळणार नाही, हे आधीच सांगते.

नेटकर:

चांगला अँटिव्हायरस टाका, दर महिन्याला सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावा आणि गोपनीयतेच्या कागदावर सह्या घ्या. एवढ्याशा धंद्यामागे हॅकर कशाला लागतील? फार टेन्शन घेऊ नका.

खतावणी:

मी छोट्या फर्मांचे हिशेब लिहितो. त्या निमित्ताने बऱ्याच ऑफिसांची कपाटं आणि कॉम्प्युटर आतून बघायला मिळतात. नेटकरांच्या उत्तराकडे नंतर येतो. आधी त्या बाईंच्या प्रश्नाकडे, कारण तुमच्या कामाची सुरुवात त्यांनीच करून दिली आहे.

एक कागद घ्या आणि त्या एका नंबरचा माग काढा. बाईंनी फोन केला तेव्हा तो ऑफिसच्या फोनच्या कॉल लॉगमध्ये आला. तिथून मास्टर शीटमध्ये. शीटवरून ग्रुपवर, म्हणजे ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये. जो गेला त्याने कॉन्टॅक्टमध्ये सेव्ह केला, आणि त्याच्या फोनमधल्या ज्या ज्या अ‍ॅपला कॉन्टॅक्ट वाचायची परवानगी आहे त्या अ‍ॅपलाही तो मिळाला. मग जॉब कार्डावर आणि त्याच्या कार्बन कॉपीवर. बिल बनवलं, त्याची पीडीएफ डाउनलोड फोल्डरमध्ये पडली ती अजून तिथेच असणार. वॉरंटीचा दावा असेल तर सुटे भाग पुरवणाऱ्याला मेल गेला, बहुतेक पूर्ण शीट जोडून. हिशेबवाल्या काकांकडे एक प्रत. हा कागद तुम्ही प्रामाणिकपणे भरलात तर पुढे काय करायचं ते मला सांगावं लागणार नाही, इतकं ते उघड दिसेल. तरी सांगतो, कारण विचारलंय.

सगळ्यात मोठं भोक तो ग्रुप आहे. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज वाटेत कुणी वाचू शकत नाही ही गोष्ट खरी, पण तुमची अडचण वाटेतली नाहीच. ज्यांच्यापर्यंत तो पोचतो त्यातल्या एकालाच त्याची गरज असते. आणि काम सोडून गेलेल्याला ग्रुपमधून काढलं तरी तोपर्यंतचे सगळे मेसेज त्याच्या फोनमध्ये तसेच राहतात. फोटो आपोआप गॅलरीत उतरत असतील तर तिथून ते त्याच्या खासगी क्लाउड बॅकअपमध्येही जातात. तुम्ही वर्षानुवर्षं ग्राहकांची यादी कामगारांच्या खासगी फोनमध्ये वाटत आला आहात. मेकॅनिक दुसरीकडे गेला की जुन्या ग्राहकांना फोन करतो अशी ओरड मालक लोक नेहमी करतात. यादी त्याने चोरलेली नसते हो, आपणच रोज पाठवलेली असते.

ग्रुप बंद करायची गरज नाही. ग्रुपवर फक्त तक्रार क्रमांक, भाग, यंत्र आणि वेळ टाका. जो घेईल त्याला एकट्याला बाकीचा तपशील द्या. नंबर शक्यतो देऊच नका. मेकॅनिकने ऑफिसला फोन करायचा आणि ऑफिसने जोडून द्यायचा. कॉल वाढले तर असे नंबर मिळतात ज्यात ग्राहकाला व्यवसायाचाच नंबर दिसतो आणि मेकॅनिकला ग्राहकाचा दिसत नाही. पण त्याची घाई नाही. पहिल्या दिवशी नुसती कॉपी-पेस्टची सवय बदलली तरी निम्मं काम होतं.

आता शीट उघडा आणि शेवटचा रकाना वाचा. 'शेरा' किंवा 'नोंद' असं काहीतरी नाव असेल. मी पाहिलेल्या अशा जवळजवळ प्रत्येक शीटमध्ये तिथे हे सापडतं: 'गुरुवारी घरी कुणी नसतं, चावी शेजारी.' 'आजी एकट्याच असतात, बेल दोनदा वाजवणे.' 'गेटचा कोड अमुक.' फोन घेणाऱ्या मुलीने मदत म्हणूनच लिहिलेलं असतं, आणि त्या दिवशी ते लागतंही. दुसऱ्या दिवशी त्याचा उपयोग फक्त चोराला. नाव आणि नंबर फुटला तर माणसाला मनस्ताप होतो, हे फुटलं तर घर फुटतं. म्हणून अशा नोंदी शीटमध्ये नकोतच, त्या त्या दिवसाच्या कामाच्या मेसेजमध्ये ठेवा आणि काम झालं की काढून टाका. जुना रकाना आजच रिकामा करा. रकाना नुसता हाइड करू नका. एक्सेलमध्ये हाइड केलेलं कुणीही दोन क्लिकमध्ये परत काढतो. आणि शीट पासवर्डने 'प्रोटेक्ट' केली म्हणजे कुलूप लागलं असंही नाही, त्याने फक्त बदल करता येत नाहीत, वाचता सगळं येतं. फाइल उघडतानाच पासवर्ड मागेल असं करायचं असेल तर 'एन्क्रिप्ट विथ पासवर्ड' हा वेगळा पर्याय आहे. तो पासवर्ड हरवला तर एक्सेल परत काढून देत नाही, एवढं मात्र लक्षात ठेवा.

कागदांचंही तेच. जुनी जॉब कार्डं पाठकोरी म्हणून वापरतात का, ते बघा. एका फर्ममध्ये ग्राहकाला दिलेल्या अंदाजपत्रकाच्या मागच्या बाजूला दुसऱ्या ग्राहकाचं नाव, पत्ता आणि सही होती. कागद वाचला म्हणून सगळे खूश.

लॉगिन. सगळे एकाच पासवर्डने बसतात याचा खरा तोटा हा की शीट कुणी उघडली, कुणी कॉपी केली, काही कळत नाही. गोष्ट घडली की संशय सगळ्यांवर. विंडोजमध्ये वेगवेगळी खाती करायला पैसे लागत नाहीत. फोनवाल्या दोघींना तक्रारींचा फोल्डर, काकांना हिशेबाचा, पगाराचा फक्त तुम्हाला आणि मामांना. शीट गूगलवर नेणार असाल तर शेअर करताना 'लिंक असलेल्या कुणालाही' हा पर्याय कधीही निवडू नका. लिंक फिरत राहते, माणूस निघून जातो.

नेटकर, तुमच्याबद्दल दोन शब्द. छोट्या धंद्यामागे कुणी लागत नाही म्हणता, तर २०१३ साली अमेरिकेत टार्गेट या दुकानसाखळीतून सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती गेली, तेव्हा चोर शिरले होते त्यांच्या शीतयंत्रणेचं काम करणाऱ्या एका छोट्या कंत्राटदाराचं लॉगिन चोरून. यंत्रं दुरुस्त करणारी फर्मच की ती. दर महिन्याला पासवर्ड बदलायची सक्ती तर अमेरिकेच्या मानक संस्थेने, एनआयएसटीने, २०१७ मध्येच नको म्हणून सांगितलं. लोक शेवटचा आकडा वाढवतात आणि कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवतात. लांब पासवर्ड एकदाच ठेवा, तो दुसरीकडे वापरू नका, फुटल्याची शंका आली की बदला. अँटिव्हायरस असावाच, त्याबद्दल वाद नाही. सह्यांच्या कागदाचा उपयोग तेव्हाच होतो जेव्हा कुणाला काय बघायला मिळतं हे आधी आवरलेलं असतं. सगळं सगळ्यांना देऊन ठेवायचं आणि मग सही दाखवायची, याला काय अर्थ?

कामगारांच्या फायली हा मला जास्त जवळचा विषय, कारण तिकडे कुणाचं लक्षच नसतं. ग्राहक निदान तक्रार करतो. कामगार बोलत नाही, नोकरीचा प्रश्न असतो. तुमच्याकडे त्याचा बँक खाता क्रमांक, ओळखपत्र, घरचा पत्ता आणि ऑपरेशनचे कागद आहेत. ऑपरेशनचे कागद कशाला? रजा मंजूर झाली, काम संपलं. 'वैद्यकीय रजा, अमुक ते अमुक तारीख' एवढी नोंद ठेवा आणि कागद त्याला परत द्या. विम्यासाठी लागत असतील तर तेवढे बंद पाकिटात, वेगळे. ग्रुपवर 'ताप आलाय' म्हणून रिपोर्टचे फोटो येत असतील तर तेही आजपासून थांबवा. रजेचं सांगायचं ते तुम्हाला एकट्याला.

हे मी उगाच ताणत नाही. युरोपात एच अँड एम या कपड्यांच्या कंपनीच्या न्यूरेंबर्गच्या केंद्रात साहेब लोक रजेवरून आलेल्या माणसाशी 'कसं काय, बरं वाटतंय ना?' अशा गप्पा मारायचे आणि मग त्याचा आजार, घरातली भांडणं, धार्मिक श्रद्धा असं सगळं लिहून ठेवायचे. २०१९ मध्ये एका सेटिंगच्या चुकीमुळे ते टिपण काही तास अख्ख्या कंपनीला दिसलं. २०२० मध्ये त्यांना ३ कोटी ५३ लाख युरोंचा दंड झाला. कंपनी मोठी, दंड मोठा, पण सवय तीच जी छोट्या ऑफिसात 'त्याच्या घरी काय चाललंय माहितीये ना' म्हणून असते. फक्त आपल्याकडे ते लिहून ठेवत नाहीत, एवढाच फरक, आणि हल्ली व्हॉट्सअ‍ॅपमुळे तेही लिहिलं जातं.

हजेरी मशीनचं मामांना एवढंच विचारा: जे लोक सकाळी थेट ग्राहकाकडे जातात त्यांनी बोट टेकवायला ऑफिसात का यायचं? पासवर्ड फुटला तर नवा घेता येतो, बोट नवं मिळत नाही. २०१५ मध्ये अमेरिकेच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या कार्यालयातून ५६ लाख लोकांचे ठसे गेले. ते लोक आयुष्यभर त्याच बोटांनी राहणार. तुमच्या दहा-बारा माणसांना कार्ड किंवा साधं मस्टर पुरतं. घ्यायचंच ठरलं तर विकणाऱ्याला विचारा, ठसा मशीनमध्येच राहतो की त्यांच्या सर्व्हरवर जातो, आणि माणूस काम सोडून गेला की त्याचा एकट्याचा ठसा पुसता येतो का. दुसऱ्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळालं नाही तर उठून या.

फिरता पाना:

मी असल्याच कामात आहे, फिरतीवर. खतावणी साहेबांचं बरंचसं पटलं, पण ऑफिसात बसून लिहिलंय ते कळतं.

ग्रुपवर फक्त भाग आणि यंत्र टाकलं तर आम्ही काम घ्यायचं कशावरून? कुठला मजला, लिफ्ट आहे का, यंत्र कुठल्या मॉडेलचं, आधी कोण येऊन गेलं आणि काय बदललं, हे कळल्याशिवाय मी 'हो' म्हणत नाही. नाहीतर तिथे जाऊन परत पार्ट आणायला यायचं. त्यात माणसाचं नाव-नंबर लागत नाही हे मान्य. मग मजला, लिफ्ट, मॉडेल, आधीचा बिघाड, हे टाका. नाव गेटवर पोचल्यावर द्या.

दुसरं. सगळे ग्राहकाच्या नंबरबद्दल बोलताय, आमच्या नंबरचं काय? ग्राहकाला फोन माझ्या फोनवरून जातो. मग तो ऑफिसला फोन करायचं सोडून रात्री साडेअकराला मला करतो, 'मशीन आवाज करतंय.' आमच्यात एक मुलगी मेकॅनिक आहे. तिला आलेले मेसेज दाखवले तर तुमच्या त्या बाईंना कळेल की हा त्रास दोन्हीकडून असतो. मधे ऑफिसचा नंबर आला तर आमचीही सुटका आहे. मामांना ते असं सांगा, लगेच पटेल.

फोटोचं कुणी बोललं नाही. मशीनचा फोटो काढताना मागे काय येतं ते बघत नाही कुणी. फ्रिजच्या दारावर चिकटवलेलं डॉक्टरचं कार्ड, मुलांच्या शाळेचं वेळापत्रक, भिंतीवर घरातली माणसं. मी आता फक्त मशीनवरच्या मॉडेलच्या पाटीचा आणि बिघडलेल्या भागाचा जवळून काढतो, आणि आधी विचारतो. विचारलं की कुणी नाही म्हणत नाही, पण न विचारता फोन वर केला की तोंडं बदलतात.

लोकेशनचं अ‍ॅप. आमच्याकडे आहे. सुरुवातीला चोवीस तास चालू होतं. सुट्टीच्या दिवशी मी कुठे गेलो ते सोमवारी साहेबांनी गमतीत विचारलं. गंमत त्यांना वाटली. आम्ही सगळ्यांनी मिळून सांगितलं, ड्युटी सुरू करताना आम्ही चालू करू, संपली की बंद, आणि मागचं लोकेशन कोण बघतं ते आम्हाला माहीत पाहिजे. आता तसंच आहे. शक्य असेल तर ऑफिसचा फोन द्या. माझ्या फोनमध्ये माझं घर आहे.

खतावणी:

पाना दादांचं मजला-मॉडेलचं बरोबर. माझ्या मेसेजमधली ती ओळ त्यांच्याप्रमाणे वाचावी.

ऑफिसवाली:

सगळ्यांचे आभार. कागद भरायला बसले आणि दोन गोष्टी निघाल्या. एक, ग्रुपमध्ये काम सोडून गेलेले दोघे अजून आहेत. दुसरी जास्त भीतीदायक आहे. आमच्या व्यवसायाचं मुख्य ईमेल खातं पूर्वी इथे असलेल्या एका मुलाने उघडलं होतं, आणि त्याचा ओटीपी अजून त्याच्याच नंबरवर जातो. बिलं, शीट, बॅकअप सगळं त्या खात्याला जोडलेलं.

मामांचं म्हणणं, नंबर लपवले तर पोरांना वाटेल आपल्यावर विश्वास नाही. शिवाय त्या बाईंना काय सांगू? मामा म्हणतात, विषय वाढवू नकोस, माफी माग आणि सोड. आणि ज्याने मेसेज केला त्याला ग्रुपवर सगळ्यांसमोर झापणार आहेत.

खतावणी:

ईमेल आधी, आत्ता, हे वाचून झालं की. आणि क्रम चुकवू नका. पहिल्यांदा आत जाऊन रिकव्हरीचा, म्हणजे पासवर्ड विसरल्यावर खातं परत मिळवायचा, फोन नंबर आणि ईमेल बदला. मग पासवर्ड. मग 'सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट'. पासवर्ड आधी बदललात आणि नंबर तसाच राहिला तर तो मुलगा 'पासवर्ड विसरलो' म्हणून पुन्हा आत येऊ शकतो. त्यानंतर दोन टप्प्यांची पडताळणी, ऑफिसच्या फोनवरच्या ऑथेंटिकेटर अ‍ॅपने (ते ओटीपीसारखे कोड फोनमध्येच बनवतं). तेव्हा जे बॅकअप कोड मिळतात ते छापून मामांच्या कुलपातल्या खणात. मेल दुसरीकडे फॉरवर्ड होतायत का, तेही सेटिंगमध्ये बघा, बरेच जण हे विसरतात. त्या मुलाला फोन करून सांगायलाही हरकत नाही. तो भला असेल तर त्यालाही त्या ओटीपींची कटकटच होत असणार.

बँकेचं, फोन कंपनीचं, बिलिंगचं खातं कुणाच्या नंबरवर आहे, तेही याच बैठकीत तपासा. यापुढे माणूस सोडून जाणार असला की शेवटच्या दिवशी त्याच्यासमोर बसूनच हे उरकायचं: ग्रुप, लॉगिन, ओटीपीचे नंबर, ऑफिसचा फोन, किल्ल्या. त्याच्या खासगी फोनमधले ग्राहकांचे नंबर त्याने आपल्या हाताने काढावेत. तुम्ही त्याचा फोन हातात घेऊन चाळू नका, तो त्याचा आहे.

त्या बाईंना खरं सांगा. आकडा काढलाच आहे तर तोच सांगा: इतक्या फोनमध्ये नंबर गेला होता, त्यातले दोन जण आता आमच्याकडे नाहीत, मेसेज करणाऱ्याशी मालक बोलले आहेत, आजपासून नंबर मेकॅनिककडे जाणार नाही. आणि जे तुमच्या हातात नाही तेही सांगा, की त्या फोनमधले जुने मेसेज आम्ही दुरून पुसू शकत नाही, प्रत्येकाला काढायला सांगितलं आहे. नंबर ठेवायचा की पूर्ण काढून टाकायचा, हे त्यांना विचारा. बिलापुरतं नाव ठेवावं लागेल, ते का, तेही सांगा. माफी त्यात येऊ द्या, पण नुसती माफी मागितलीत तर त्यांचा प्रश्न तसाच राहील.

कायद्याकडूनही बघा. आतल्या माणसाने काम सोडून दुसऱ्याच कारणासाठी माहिती वापरली तर तोही डेटाचा भंग, म्हणजे माहिती फुटल्याचा प्रकार समजला जातो. बाहेरचा चोरच लागतो असं नाही. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातल्या भंगाच्या व्याख्येत परवानगीशिवाय केलेला वापरही येतो. युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या माहिती-संरक्षणाच्या कायद्यात भंग कळल्यापासून ७२ तासांत नियामकाला कळवावं लागतं, लोकांना धोका नसेल तरच त्यातून सूट. तुमच्याकडून नक्की काय अपेक्षित आहे ते तुमच्या सीएला किंवा वकिलाला एकदा विचारून घ्या. पण घडलं काय, कधी कळलं, काय केलं, याची तारखेनिशी एका पानाची नोंद आजच लिहा. पुढे कुणीही विचारो, ती लागते.

ग्रुपवर झापण्याचं मात्र मामांना करू देऊ नका. त्या मुलाने चूक केली आहे, शिक्षा काय द्यायची ती मामांनी बंद दाराआड द्यावी, हवं तर कामावरून काढावं. ग्रुपवर बोलले की त्यात त्या बाईंचं प्रकरण सगळ्यांना कळणार. कुठल्या बाई, कुठे राहतात, चर्चा सुरू. ज्यांचा नंबर आपण सांभाळायला निघालो त्यांचीच गोष्ट वाटायची? आणि शिस्तभंगाची बाब हीसुद्धा त्या कामगाराची खासगी माहितीच आहे. तो दोषी आहे म्हणून ती सार्वजनिक होत नाही.

विश्वासाचं म्हणाल तर पाना दादांनी उत्तर दिलंच आहे. मी एवढंच म्हणेन की गल्ला मोजून घेतो तेव्हा कॅशिअरवर अविश्वास असतो असं कुणी म्हणत नाही. उलट कमी पडलं तर त्याचाच बचाव होतो. आज तुमच्याकडे सात-आठ जणांकडे बाईंचा नंबर होता, म्हणून सात-आठ जण संशयात आले. एकाकडेच असता तर बाकीचे शांत झोपले असते.

ऑफिसवाली:

ईमेल झालं. फॉरवर्डिंग खरंच चालू होतं, त्या मुलाच्या जुन्या आयडीवर! बंद केलं. मेकॅनिकांशी बोलले, ऑफिसचा नंबर मधे असणार म्हटल्यावर तेच जास्त खूश झाले. हजेरी मशीन तूर्तास रद्द, लोकेशन ड्युटीपुरतं.

शेवटचा प्रश्न. मास्टर शीटमध्ये कित्येक वर्षांचे ग्राहक आहेत. मामा म्हणतात कधीतरी मेसेज टाकायला उपयोगी पडतील. आणि त्याची एक प्रत हिशेबाच्या काकांच्या पेन ड्राइव्हवर आहे, ती ते घरी नेतात.

खतावणी:

शीटचे तीन भाग करा. ज्यांची वॉरंटी किंवा काम चालू आहे ते रोजच्या शीटमध्ये. बिलं कर खात्यासाठी जितकी वर्षं ठेवावी लागतात तितकी वेगळ्या, पासवर्डच्या फाइलमध्ये, पण त्यात नोंदी आणि फोटो नकोत. उरलेले पुसून टाका. दुरुस्तीसाठी दिलेला नंबर जाहिरातीसाठी दिलेला नसतो. मामांना जाहिरातीचे मेसेज पाठवायचे असतील तर यापुढे जॉब कार्डावर वेगळी चौकट ठेवा, ग्राहकाने स्वतः खूण केली तरच यादीत घ्या, आणि नको म्हणाला की त्याच दिवशी काढा. पुसताना एक बघा: गूगल शीटवर असाल तर जुनी माहिती व्हर्जन हिस्टरीत, म्हणजे फाइलच्या आधीच्या रूपांत, राहते, म्हणून जुन्या शीटमधून ओळी काढत बसू नका. लागतं तेवढं कोऱ्या शीटमध्ये घ्या आणि जुनी फाइल कचरापेटीतूनही काढा.

काकांना पेन ड्राइव्हऐवजी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर त्यांचं खातं द्या. घरून काम करायचंच असेल तर फक्त बिलांची फाइल, एन्क्रिप्ट केलेली, आणि पासवर्ड वेगळा फोनवर सांगायचा. आताचा पेन ड्राइव्ह परत घेताना काकांच्या घरच्या कॉम्प्युटरवर त्याची प्रत उतरली आहे का, तेही विचारा. उतरलेली असते.